कोरड्या खोलीचा गुण

लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या वस्तू मातीमोल ठरवायच्या, हेच सर्व्हेअरचं काम होतं. विमा कंपनीच्या वतीनं तो जळालेली दुकानं, बुडालेली तळघरं, छप्पर उडालेली गोदामं बघायला जायचा. कुणी बाई पाण्यानं फुगलेलं आजीचं कपाट दाखवून डोळे पुसायची आणि हा खिशातलं पेन काढून अगदी मऊ आवाजात सांगायचा, की ताई, एवढ्या जुन्या वस्तूचा घसारा धरला तर उरतं काय? जुनं म्हणजे शून्य, यावर त्याचं पोट चालायचं. संध्याकाळी घरी येऊन बूट काढले की मात्र हिशेब उलटा व्हायचा. तिथं जे जितकं जुनं, तितकं ते डोक्यावर.

याची सुरुवात एका फोटो स्टुडिओच्या आगीपासून झाली. मालकानं भंगारात काढलेला एक कॅमेरा सर्व्हेअरनं सहज उचलून पाहिला. काळा, इस्त्रीसारखा जड, आत बॅटरी नाही की पडदा नाही. नुसती चाकं, स्प्रिंगा आणि काच. वरची छोटी दांडी अंगठ्यानं ओढायची, शेजारचं बटण पहिल्या बोटानं दाबायचं, की 'खटक्'. तो 'खटक्' त्याच्या कानात शिरला तो बाहेर आलाच नाही. त्या कॅमेऱ्याला सोबत म्हणून दुसरा आला, दुसऱ्याचा थोरला भाऊ म्हणून तिसरा, आणि पुढं कुणी कशासाठी आलं हे विचारण्यात अर्थ उरला नाही. माणसांच्या गोतावळ्यात निदान कुणीतरी रुसून यायचं बंद होतं. कॅमेऱ्यांमध्ये तीही सोय नव्हती.

त्याच्या बायकोला आधी हे बरंच वाटलं होतं. आपण तिला सूनबाईच म्हणू, कारण या गोष्टीत ती बायको म्हणून कमी आणि सून म्हणूनच जास्त राबली. पुरुषाला एखादा नाद असावा, नाहीतर तो स्वयंपाकात लक्ष घालतो, असं तिचं मत. ती एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला शिलाई मशीन घेऊन बसायची. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची. वाढलेलं पोट आणि न वाढलेलं शहाणपण ती रोज टेपनं मोजत असल्यामुळे नवऱ्याच्या नादाचं तिला फारसं नवल नव्हतं.

नवल वाटलं ते खोलीचं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची खोली रिकामी झाली. सासूबाई कित्येक वर्षं शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेकीकडे राहत होत्या. आता आईला इकडे आणू, आपली पण काही जबाबदारी आहे, असं सर्व्हेअर स्वतः म्हणाला होता, तेही चार पाहुण्यांसमोर. सूनबाईनं लगेच पडद्याचं कापड आणलं. पण ती पडदे शिवेपर्यंत खोलीत काचेची कपाटं येऊन उभी राहिली, आणि पडद्यांच्या कापडाच्या कॅमेरे पुसायच्या घड्या झाल्या.

खोलीला नियम आले. ओल येता कामा नये. ओल आली की लेन्सला बुरशी लागते, आणि एका लेन्सची बुरशी शेजारणीला लागते. म्हणून ओल ओढून घेणारं एक यंत्र कोपऱ्यात दिवसरात्र घरघरायचं. त्याच्या टाकीत साठलेलं पाणी रोज ओतून टाकायचं काम सूनबाईकडे, त्यामुळे खोलीची एक किल्लीही तिच्याकडे. भिंतीवर हवेतली ओल दाखवणारा काटा. ओल्या केसांनी आत यायचं नाही, ओलं फडकं न्यायचं नाही, आणि आत फार बोलायचं नाही, कारण बोलताना तोंडातून वाफ येते. हा शेवटचा नियम तिला एकटीला होता. मित्र आले की आत तासन्‌तास बोलणं चालायचं, आणि काटाही समजूतदारपणे गप्प राहायचा.

सगळ्यांत मोठा नियम म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म घालायची नाही. तिनं एकदा विचारलं होतं, की एवढे कॅमेरे आहेत तर घरातल्या माणसांचा एखादा फोटो का नाही. तो म्हणाला, फिल्म घातली की कॅमेरा वापरलेला होतो. आणि नाही वापरला तर? तर तो जपलेला असतो. तिला आपलं दुकान आठवलं. दुकानात लोक असे जपलेले सूट घेऊन यायचे. सूट अगदी नवे असायचे, फक्त त्यात मावणारा माणूस केव्हाच हरवलेला असायचा.

रविवारी सकाळी व्यायाम असे. त्याचा नाही, कॅमेऱ्यांचा. आतलं वंगण पडून पडून घट्ट होतं, मग शटर रेंगाळतं. एका सेकंदात मिटायचं ते दोन-अडीच सेकंद जांभई देत बसतं. म्हणून सर्व्हेअर पांढरे सुती हातमोजे घालून एकेकाला मांडीवर घ्यायचा, दांडी ओढायची, बटण दाबायचं, कान लावून ऐकायचं. "हलवलं नाही तर आखडतं," तो म्हणायचा. त्याची स्वतःची पाठ आखडलेली होती, पण तिचा विषय निघत नसे.

महिन्यातून एकदा मंडळी जमायची. एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांना सगळे जजसाहेब म्हणत, आणि पूर्वी विमान चालवणारा एक पायलट. प्रत्येकाच्या खिशात आपापले हातमोजे. कॅमेऱ्यांचे त्यांनी तीन वर्ग केले होते. 'जवळजवळ नवा' हा पहिला. 'वापरलेला, पण प्रेमानं' हा दुसरा. आणि 'भागांसाठी' हा तिसरा, म्हणजे त्याच्यात आता जीव नाही, स्क्रू काढून दुसऱ्याला लावायच्या लायकीचा. हे शब्द ते हळू आवाजात, बाहेर पेशंटचे नातेवाईक बसलेत असं समजून उच्चारायचे.

अशात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना आला नव्हता. पाय सावरले, बोलणं तर एका दिवसात पूर्वीइतकंच तिखट झालं, पण उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट ऐकेनासं झालं. सासूबाई सरकारी कचेरीत टंकलेखिका होत्या. साहेब बदलले, टेबलं बदलली, पण त्यांच्या हाताखालून चुकीचा कागद कधी गेला नाही. आता त्यांना स्वतःच्या गाउनचं बटण लावता येईना. नणंदेच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. तिनं भावाला फोन करून सांगितलं, दादा, आता तुझी पाळी. दादा हो हो म्हणाला. हो म्हणायला तो कधीच कंजूष नव्हता.

ज्या दिवशी आईला दवाखान्यातून सोडणार होते, त्याच दिवशी सकाळी कुणाच्या तरी घरातलं जुनं सामान विक्रीला निघालं होतं. सर्व्हेअर आधी तिथं गेला आणि मग दवाखान्यात आला. चाकांच्या खुर्चीतून सासूबाईंना गाडीपाशी आणलं तर पुढच्या सीटवर एक खोका, त्याला पट्टा बांधलेला. हादरे बसू नयेत, असं तो म्हणाला. सासूबाई मागं बसल्या. सूनबाईनं त्यांना पट्टा बांधला आणि हात धरून ठेवला, कारण हादरे तर बसणारच होते.

घरी आल्यावर हॉलमध्ये, टीव्हीशेजारी घडीची खाट टाकलेली. खोली का नाही, हे सूनबाईनं स्वयंपाकघरात हळूच विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. माणूस एका रात्रीत श्वासातून पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. बंद खोली, काचेची कपाटं, विचार कर.

"आई काय मुद्दाम टाकणार आहेत का?" ती म्हणाली.

"मुद्दाम नाही गं. पण टाकणारच ना."

भिंत पातळ होती. हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "मग श्वास सोडायला मी गॅलरीत जात जाऊ का रे?"

तो हसला. त्याला वाटलं, आई विनोद करते आहे.

त्या महिन्याची बैठक हॉल ओलांडूनच आत गेली. खाटेवरून सासूबाईंनी तिन्ही वर्ग नीट ऐकले. मंडळी निघताना त्यांनी लेकाला हाक मारून विचारलं, की मी यातल्या कुठल्या वर्गात? दातांचे डॉक्टर हसले, पायलट चपला शोधायला वाकला, जजसाहेबांना खोकला आला. निकाल कुणीच दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरनं एक चकचकीत पत्रक आणलं. गावाबाहेर एक आरोग्यनिवास आहे, तिथं परिचारिका आहेत, बाग आहे, व्यायामाची सोय आहे. आत्ता जागा नाही, पण आईचं नाव प्रतीक्षेत लावलंय. फक्त हात नीट होईपर्यंत. सासूबाईंनी डाव्या हातात पत्रक धरून पाहिलं आणि पडदे छान आहेत एवढंच म्हणाल्या. सूनबाईचं लक्ष मात्र त्या 'फक्त'वर अडकलं. 'फक्त अमुक होईपर्यंत' म्हणून दुकानात टाकलेले कोट तिनं पाहिले होते. मालक न्यायला येत नाहीत. काही दिवसांनी दुकानदार त्यांना आतल्या दांडीवर सरकवतो, मग त्याच्याही आतल्या. आरोग्यनिवासात एखादी खाट रिकामी व्हायच्या आत सासूबाईंना या घरात स्वतःचं दार असलेली खोली मिळाली पाहिजे, एवढं तिनं ठरवलं. कशी, ते तिला ठाऊक नव्हतं.

व्यायाम शिकवायला एक बाई येऊन गेली. तिनं मऊ रबरी चेंडू दिला, दिवसातून जमेल तितक्यांदा अंगठ्यानं आणि बोटानं दाबा म्हणाली. बाईची पाठ वळताच चेंडू खाटेखाली गेला. सूनबाईनं तो काढून दिला, तो पुन्हा गेला. मी काय रांगतं मूल आहे का चेंडू खेळायला, असं सासूबाईंचं म्हणणं.

मग वादळ झालं. पत्रे उडाले, झाडं गाड्यांवर पडली, आणि सर्व्हेअरला दिवस पुरेना. रविवारही बाहेरच जाऊ लागले. लोकांच्या घसाऱ्यापायी त्याच्या कॅमेऱ्यांचा व्यायाम थांबला, याचं दुःख तो रात्री जेवताना बोलून दाखवी.

अशाच एका दुपारी सूनबाई चष्मा विसरली म्हणून जेवणाच्या सुट्टीत घरी आली. खाट रिकामी. तिनं गॅलरीत जाऊन पाहिलं. तेवढ्यात बंद दाराआडून आवाज आला, 'खटक्'. सकाळी पाणी ओतून ती किल्ली दारालाच विसरली होती. तिनं दार ढकललं. सासूबाई स्टुलावर बसलेल्या, मांडीवर एक कॅमेरा, डाव्या हातानं तो घट्ट धरलेला आणि उजवा अंगठा दांडीवर. अंगठा जोर लावत होता. दांडी अर्ध्यात अडकली. त्यांनी दम घेतला, ओठ आवळले, पुन्हा लोटली, शेवटपर्यंत गेली. मग पहिलं बोट थरथरत बटणाकडे निघालं, वाटेत जरा भरकटलं, पण पोचलं.

'खटक्.'

"दार लाव गं," त्या न बघता म्हणाल्या, "ओल येईल."

सूनबाई खाली फरशीवरच बसली. चेंडू टाकून हे काय, असं तिनं विचारल्यावर सासूबाईंनी समजावून सांगितलं. "चेंडू दाबला काय आणि नाही दाबला काय, त्याला पत्ताच नसतो. हा तसा नाही. काम अर्धं केलं तर तोंड उघडत नाही, पुरं केलं की बोलतो. माझा टाइपरायटर असाच होता." मग म्हणाल्या, "आणि या बिचाऱ्यांनाही कुणी हात लावत नाही."

सांगावं तर कुलूप बदलेल. न सांगावं तर नवऱ्याशी लबाडी. सूनबाईनं तोलून पाहिलं आणि लबाडी घेतली. त्या दिवसापासून किल्ली दाराला चुकून नाही तर ठरवून राहू लागली. ती कामाला जाण्याआधी स्टूल मांडून द्यायची आणि संध्याकाळी आल्यावर बोटांचे ठसे फडक्यानं पुसून काढायची. सासूबाईंनीही कचेरीतल्यासारखी शिस्त लावून घेतली. वरच्या फळीपासून सुरुवात, एकेकाला सगळ्या वेगांवर चालवायचं, आखडलेल्यांना जास्त वेळ द्यायचा. एका जाड्या कॅमेऱ्याची दांडी इतकी घट्ट होती की त्या त्याला मोठे साहेब म्हणायच्या. ते सकाळी कधीच कामाला लागत नसत.

हळूहळू हाताला गुण येऊ लागला. आधी चमचा, मग कंगवा, मग एका सकाळी गाउनचं वरचं बटण. हे काही त्यांनी लेकापासून लपवलं नाही. तो समोर बसून जेवायचा, त्या त्याच्यासमोर उजव्या हातानं पाणी प्यायच्या. त्यानं पाहिलंच नाही. सूनबाईनं मुद्दाम सांगितलं, आईंचा हात सुधारतोय, त्यांना खोलीत जाऊ दे. तो म्हणाला, उत्तम, आरोग्यनिवासात आणखी सुधारेल.

वादळाचं काम आटपलं आणि एका रविवारी सर्व्हेअर पुन्हा हातमोजे घालून खोलीत गेला. इतके दिवस कुणी हलवलेलं नाही, सगळ्यांची शटरं चिकटलेली असणार, अशी मनाची तयारी करूनच गेला होता. पहिला उचलला. सुरेख चालला. दुसरा, तिसरा, तोच प्रकार. मोठे साहेब तर लोण्यासारखे. एका सेकंदाचं शटर बरोबर एका सेकंदात मिटलं. तो बाहेर आला तो देव भेटल्यासारख्या चेहऱ्यानं.

एखाद्यानं विचार केला असता, की यांना कुणीतरी हात लावत असणार. पण घरात आपल्याखेरीज कुणी काही करत असेल ही शक्यता सर्व्हेअरच्या पाहणीत बसत नव्हती. त्यानं सिद्धांत काढला. आजवर आपण समजत होतो की हलवल्यानं शटर सुटतं. तो अडाणीपणा होता. पूर्ण कोरडी हवा आणि पूर्ण विश्रांती मिळाली की वंगण आपलं आपण पूर्ववत होतं. आपण व्यायाम देऊन उलट त्यांना थकवत होतो. त्यानं त्याच दिवशी मंडळींना फोन करून सांगितलं, की हात लावू नका. ऐकणाऱ्यांपैकी कुणी शंका घेतली नाही, कारण सिद्धांत सोपा होता आणि त्यात काही करायचं नव्हतं.

बातमी पसरली. कॅमेरे जमवणाऱ्यांचा दर वर्षी एक मोठा मेळावा भरायचा. त्यात या विश्रांती-उपचारावर बोलायला सर्व्हेअरला बोलावणं आलं. त्याआधी आपल्या मंडळींना प्रत्यक्ष दाखवावं म्हणून त्यानं घरी बैठक ठेवली. त्या दिवशी सकाळीच आरोग्यनिवासातून फोन आला, की खाट रिकामी झाली आहे, सोमवारी आणून सोडा. तो बरं म्हणाला, फोन ठेवला आणि हॉल आवरायला लागला. मंडळी हॉलमध्ये बसणार, म्हणून घडीची खाट मिटली गेली आणि सासूबाईंची खुर्ची स्वयंपाकघरात, सिंकशेजारी आली.

संध्याकाळी मंडळी आली. सर्व्हेअरनं आतून एकेक कॅमेरा आणून चालवून दाखवला. दातांचे डॉक्टर मान हलवत राहिले. पायलटनं कानाला लावून ऐकलं आणि डोळे मिटले. जजसाहेब म्हणाले, इतक्या वर्षांत आपण असं काही ऐकलं नव्हतं, हे मेळाव्यात सांगितलंच पाहिजे.

"एकच पथ्य," सर्व्हेअर म्हणत होता. "माणसाचा हात लागू द्यायचा नाही."

स्वयंपाकघरात सासूबाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर नव्हता म्हणून टॉवेलच तोंडात धरला. सूनबाईला मात्र हसू येत नव्हतं. सोमवार परवावर आला होता. तिनं ट्रेमध्ये चहाचे कप मांडले, मग ते तसेच ठेवून खोलीत गेली, बिनमोज्याच्या हातांनी मोठे साहेब उचलून आणले आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवले. नवऱ्याला हाक मारली, अहो, जरा ट्रे न्यायला या.

तो आत आला आणि दारातच थिजला. सासूबाईंनी त्याच्या डोळ्यांत बघत उजवा अंगठा दांडीवर टेकवला, एका दमात शेवटपर्यंत लोटली आणि बोटानं बटण दाबलं. घर्रर्र करत एक सेकंद गेला आणि शटर मिटलं. त्यांनी पुन्हा दांडी ओढली. पुन्हा. तिसऱ्या वेळेला त्याच्या चेहऱ्यावर सगळा हिशेब उमटला. वादळाचे दिवस, लोण्यासारखी शटरं, दाराला राहणारी किल्ली.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज," सासूबाई म्हणाल्या. "तू नसताना. विश्रांती म्हणजे मीच रे बाबा. बाहेर येऊन सांगू का तुझ्या मंडळींना?"

तो धावला. सूनबाईला वाटलं, आईचा हात धरायला धावला. त्यानं कॅमेरा धरला. उजेडात नेऊन चारी बाजूंनी फिरवून पाहिला, कुठं ओरखडा नाही ना. मग तो परत ठेवायला वळला तेव्हा कुठं त्याला तो हात दिसला, मांडीवर उघडा पडलेला, अंगठ्याच्या पेरावर दांडीनं पडलेला कडक घट्टा. त्यावर त्याची नजर जरा अडकली. क्रम चुकला होता. पण बघितलं खरं.

"आई, आत्ता काही बोलू नकोस," तो कुजबुजला.

"मी कशाला बोलते? मला बोलायला जागा कुठं आहे? मला तर परवा बागेत नेऊन ठेवणार तू."

बाहेरून पायलटची हाक आली, की चहा आठवला म्हणून सांगितलं, घाई नाही. सर्व्हेअरनं दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बायको कपांचे कान एका दिशेला करत होती.

"खोली आईंची," ती शांतपणे म्हणाली. "पलंग आज रात्री आत जाईल. सोमवारचं काय ते तुम्ही फोन करून सांगा. मग आम्हाला काही ठाऊक नाही."

एका पारड्यात त्याची कोरडी खोली, काटा, काचेची कपाटं. दुसऱ्यात मेळाव्यातलं भाषण आणि बाहेर बसलेल्या तिघांच्या नजरा. आई कुठल्याच पारड्यात नव्हती, हे सूनबाईला स्पष्ट दिसलं. पण न्याय कुठल्या दारानं घरात आला हे बघत बसलं तर घरं चालत नाहीत. चहावर साय धरायच्या आत तो म्हणाला, "घे खोली." आणि ट्रे उचलून बाहेर गेला. बाहेर त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा भरदार झाला. सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर उजव्या हातानं थाप मारली. जोरात बसली.

पलंग आत गेला. कपाटं तिथंच राहिली, कारण सासूबाईंनीच ती हलवू दिली नाहीत. त्यांच्या अंगालाही तो 'खटक्' लागला होता. काटा काही दिवस लाल रेषेकडे झुकला, मग त्यालाही माणसाची सवय झाली. सर्व्हेअरनं मेळाव्यात भाषण केलं, टाळ्या मिळवल्या, आणि व्हायचं तेच झालं. सिद्धांत ऐकून गावोगावच्या लोकांनी कॅमेरे कपाटात मिटून ठेवले, आणि काही महिन्यांत सगळ्यांची शटरं आखडली. सर्व्हेअरला वाटलं, आता आपली धिंड निघणार. पण शहाण्या माणसांचा सिद्धांत असा सहजी मरत नाही. त्यांनी विचार करून ठरवलं, की विश्रांती बरोबरच आहे. आपल्या खोल्यांमध्ये काहीतरी कमी आहे. गुण त्याच खोलीचा.

आणि मग एकेक जण आपला कॅमेरा घेऊन दाराशी येऊ लागला. थोडे दिवस तुमच्याकडे ठेवता का? फक्त बरा होईपर्यंत. सर्व्हेअर मानानं ठेवून घ्यायचा आणि आत नेऊन आईच्या हवाली करायचा. सासूबाई त्याला नाव द्यायच्या, फळीवर जागा द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशीपासून कामाला लावायच्या. दर रविवारी मालक भेटायला यायचे. हॉलमध्ये बसायचे, त्यांच्यापुढे कॅमेरा आणून ठेवला जायचा, ते त्याच्याकडे जरा वेळ बघायचे, इथं बरं दिसतंय हो, म्हणायचे, चहा प्यायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. पुढच्या रविवारी नक्की येतो, असं कॅमेऱ्याला सांगून जाणारेही होते. सूनबाई दारातून हे बघायची आणि हातातलं फडकं विनाकारण पिळत राहायची.

एका रविवारी जजसाहेब आले. त्यांचा कॅमेरा कधीच ठणठणीत झाला होता, आता न्यायला हरकत नव्हती. सासूबाई स्वतः तो घेऊन हॉलमध्ये आल्या आणि त्यांच्यासमोर बसल्या. सर्व्हेअर ट्रे घेऊन शेजारी उभा होता.

"नेता का मग?" सासूबाईंनी विचारलं.

जजसाहेबांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. घरी हल्ली जरा अडचण आहे, म्हणाले. कपाटात जागा नाही. शिवाय इथली हवा त्याला मानवली आहे.

"घरी त्याला रोज हात लावणारं कुणी आहे का?"

"तसं कुणी नाही," जजसाहेब म्हणाले.

"मग असू दे इथंच."

जजसाहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी भराभरा आभार मानले, अर्धा चहा तसाच ठेवला आणि जिन्यावरून त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं उतरत गेले. सासूबाईंनी कॅमेरा उचलून मांडीवर घेतला. सर्व्हेअर ट्रे धरून उभाच होता, आणि जिन्यावरचा तो पायांचा आवाज थांबला तरी त्याला मान वर करता येईना.